उष्ण समुद्रातल्या गोगलगाई: शंख वाचायचा कसा?

ओहोटीरेषा

शंख हातात आला की आपण रंग बघतो, आकार बघतो, कानाला लावतो आणि कपाटात ठेवून देतो. माझ्या मते शंख ही वाचायची वस्तू आहे. आतल्या प्राण्याने तो स्वतःच्या अंगातून रचलेला असतो आणि रचताना घडलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात अडकून राहतात. वाढ कधी जोरात झाली, कधी थांबली, हल्ला कोणी केला, त्यातून प्राणी वाचला की नाही, आणि शेवटी त्याला मारलं कोणी. उष्ण कटिबंधातल्या शंखांवर हे सगळं फार ठळक दिसतं, म्हणून हा धागा त्यांच्यावर.

आधी थोडी बांधणी. समुद्री गोगलगाईच्या अंगावर प्रावार नावाचा मऊ पडदा असतो. शंख घडवायचं काम त्याच्या कडेचं. ही कड प्रथिनांचा पातळ थर टाकते आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसतात, बहुतेक वेळा ॲरागोनाइट या रूपातले. लांबी-रुंदीत भर पडते ती फक्त तोंडाच्या कडेला, म्हणजे ओठाला. आतून जाडी वाढवता येते, पण झालेला वेढा पुन्हा मोठा करता येत नाही. त्यामुळे टोक म्हणजे बालपण आणि ओठ म्हणजे काल-परवा. गोगलगाय कधीही शंख बदलत नाही की सोडून जात नाही. मधल्या स्तंभाला ती स्नायूने कायमची जोडलेली असते.

वाचायला टोकापासून सुरुवात करा. भिंगाखाली अगदी टोकाशी एक वेगळाच इवलासा शंख दिसतो, आणि तो संपून मोठ्या शंखाची नक्षी जिथे सुरू होते ती रेघही दिसते. तो डिंभावस्थेतला, म्हणजे अगदी बालरूपातला शंख. त्याला बारीक वेढे बरेच असतील तर त्या जिवाने लहानपणी काही आठवडे किंवा महिने प्रवाहाबरोबर तरंगत, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खात काढले. वेढे एखाद-दीड आणि टोक फुगीर असेल तर पिल्लू अंड्याच्या कोशातून थेट रांगतच बाहेर पडलं. या एका फरकावर अख्ख्या जातीचं नशीब ठरतं. तरंगणारे डिंभ हजारो किलोमीटर जातात, म्हणून ठिपक्यांची टायगर कवडी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत एकच आहे. व्होल्यूट कुळातल्या बऱ्याच जातींची पिल्लं रांगत निघतात आणि त्या जाती किनाऱ्याच्या एखाद्या पट्ट्यापुरत्याच असतात. तिथला साठा संपला की बाहेरून भर येत नाही.

टोकावरून खाली या. म्युरेक्ससारख्या शंखांवर ठरावीक अंतराने जाड उभ्या कडा दिसतात, प्रत्येक वेढ्याला साधारण तीन. त्या एकेकाळच्या ओठाच्या कडा आहेत. प्राणी झपाट्याने थोडा वाढतो, थांबतो, ओठ जाड करतो, काटे काढतो आणि पुढच्या वाढीपर्यंत त्या तटबंदीत राहतो. पुढचा वेढा जुन्या काट्यांवरून जायचा असेल तर वाटेतले काटे तो स्वतःच विरघळवून टाकतो. लांब काट्यांच्या कंगव्यासारख्या दिसणाऱ्या व्हीनस कोंब म्युरेक्सवर हे नीट बघता येतं.

आणि आता या धाग्याचा खरा विषय, व्रण. शंखाच्या अंगावरून, वाढीच्या दिशेने, हळूहळू बोट फिरवा. नक्षी मध्येच वेडीवाकडी तुटते, एक दातेरी काठ लागतो आणि पलीकडे नक्षी पुन्हा नव्याने सुरू होते, असं एखादं ठिकाण सापडलं तर तिथे कधीतरी ओठ फोडला गेला होता. गोगलगाय आत खोल सरकली, वाचली आणि नंतर तिने डागडुजी केली. उष्ण समुद्रात हे काम बऱ्याचदा कलापा जातीच्या खेकड्यांचं असतं. त्यांच्या उजव्या नांगीवर एक खास दात असतो. तो ओठात अडकवून ते वेढ्याच्या दिशेने शंख सोलत जातात. गोगलगाय हाती लागेपर्यंत सोलायचं, आणि ती फारच खोल असेल तर सोडून द्यायचं. सोडून दिलेल्या प्रत्येक वेळेची खूण मागे राहते.

हे बोटांनी वाचायला ज्यांनी जगाला शिकवलं ते गीरत व्हर्मे स्वतः अंध आहेत. जन्म १९४६, नेदरलँड्समधला. चौथं वर्ष पुरं व्हायच्या आत दृष्टी पूर्ण गेली. अमेरिकेत आल्यावर शाळेतल्या शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख त्यांच्या हातात पडले. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरचे शंख खडबडीत, खडूसारखे लागायचे. हे मात्र गुळगुळीत, कोरीव, काटेरी. उष्ण समुद्रातलेच शंख असे का, हा प्रश्न त्या मुलाने धरला तो आयुष्यभर. पुढे ग्वामसारख्या बेटांवर काम करून त्यांनी दाखवलं की हिंदी-पॅसिफिक भागातले शंख जास्त जाड, तोंड जास्त अरुंद, ओठाला दात जास्त, आणि तिथल्या खेकड्यांच्या नांग्याही तितक्याच दणकट. जीवाश्मांतही त्यांना हीच चढाओढ दिसली. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या काळात, कवच फोडणारे शिकारी वाढत गेले तसे सैल वेढ्यांचे, खाली पोकळी असलेले शंख उथळ उष्ण समुद्रांतून मागे पडत गेले. त्यांचा हा सिद्धान्त १९७७चा.

तुमच्याकडे जुने शंख असतील तर बोट फिरवून बघा आणि काय सापडलं ते इथे लिहा.

गवतफूल

फार सुंदर लेख. वाचनखूण साठवली आहे. एक शंका. कवडीचं काय? तिला ना टोक, ना वेढे, ना ओठ. अंगावर नक्षी आहे पण कुठे उठाव नाही, बोट नुसतं घसरतं. आणि एवढी चकाकी कुठून येते? मला तर आधी ती पॉलिश केलेलीच वाटायची.

ओहोटीरेषा

@गवतफूल, उत्तम प्रश्न. कवडी जिवंत असताना प्रावाराचे दोन पदर दोन्ही बाजूंनी वर येतात आणि पाठीवर जवळजवळ भेटतात. बाहेरून आत ओढून घेता येणारं पांघरूणच ते. इतर शंखांवर बाहेरून एक सालीसारखा थर असतो, कवडीवर तो नसतो, कारण बाहेरच्या पृष्ठभागावरही प्रावार सतत नवा थर चढवत राहतो. पाठीवर एक फिकट रेघ दिसते ना, ती दोन पदर भेटण्याची जागा.

टोक आणि वेढे आहेत, पण झाकले गेलेत. लहानपणी कवडी पातळ, उघड्या तोंडाची असते, वेढे स्पष्ट दिसतात. न सांगितलं तर ती कवडी आहे हे ओळखूच येत नाही. वयात आल्यावर ओठ आत वळतो, त्यावर दात येतात, तोंडाची नुसती फट उरते आणि लांबीतली वाढ तिथेच संपते. त्यानंतर फक्त जाडी वाढते. म्हणून एकाच जातीची छोटी प्रौढ कवडी आणि मोठी प्रौढ कवडी शेजारी ठेवली तर मोठी वयाने जास्त असेलच असं नाही. आतले जुने वेढे ती बरेचसे विरघळवते, जागा करण्यासाठी.

व्रण मात्र कवडीवर खरंच कमी वाचता येतात, जे झालं ते वरच्या थरांखाली जातं. गुळगुळीत गोलाई हाच तिचा बचाव आहे. नांगीला पकडायला काठच मिळत नाही.

निळीशाई

नक्षीचा विषय निघालाच आहे तर कोन शंखांबद्दल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या शंखांबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांतल्या कोनस टेक्स्टाइल या जातीवरचे तंबूसारखे त्रिकोण बघितलेत का? ती नक्षी चित्रासारखी एकदम काढलेली नसते. प्रावाराची कड एका ओळीत काही ठिकाणी रंग सोडते, काही ठिकाणी सोडत नाही, मग थोडी वाढ, मग पुढची ओळ. म्हणजे शंखाची एक दिशा जागा आहे आणि दुसरी दिशा काळ. त्रिकोणाचा कोपरा म्हणजे एका जागी रंग सोडायला झालेली सुरुवात. तिथून ती लाट दोन्ही बाजूंना पसरत गेली म्हणून तिरप्या रेघा उमटल्या. दोन लाटा समोरासमोर आल्या की विझतात.

ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले हान्स माइनहार्ट यांनी याची गणितं मांडली. एक रसायन स्वतःला वाढवतं, दुसरं त्याला आवर घालतं आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पसरतात. एवढ्या सामग्रीवर संगणकात हुबेहूब शंख उतरतात. १९८६ साली अर्मेनट्राउट, कॅम्पबेल आणि ऑस्टर यांनी दुसरी बाजू मांडली. प्रावाराची कड कालची नक्षी चेतातंतूंनी चाचपते आणि त्यावरून आजची ओळ ठरते. मला हा विचार जास्त पटतो, कारण ओठ फुटून दुरुस्त झाल्यावर नक्षी पुन्हा जुळवून घेतली जाते हे त्याने नीट समजतं.

आणि माझ्या मनात कायम घर करून राहिलेली गोष्ट पुढे आहे. बऱ्याच कोनांवर जिवंतपणी जाड सालीचा थर असतो, ते दिवसा वाळूत किंवा दगडाखाली पुरलेले असतात, रात्री फिरतात. ही नक्षी बघायला कोणी नसतंच. ती कोणासाठी नाही.

ओहोटीरेषा

@निळीशाई, वा! धाग्यात हे हवंच होतं. "एक दिशा जागा आणि दुसरी काळ", याहून नेमकं सांगता येणार नाही. व्रणानंतर नक्षी किती अंतराने पूर्ववत होते हेही मोजता येतं, कोनावर बोटापेक्षा डोळ्यांनी.

रात्रपाळी

कोन विषारी असतात म्हणतात ते कितपत खरं? शेपटीकडून धरला तर चालतो असं एका व्हिडिओत ऐकलं.

पाणबुड्या

@रात्रपाळी, चालत नाही. हे कृपया सर्वांनी वाचा. कोनाची सोंड लांबते, वळते आणि शंखाच्या दुसऱ्या टोकापर्यंतही पोचू शकते. धरायची सुरक्षित बाजू नाही. जिवंत कोन उचलायचाच नाही, हातमोजे असले तरी नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांच्या खिशात तर मुळीच टाकायचा नाही.

इतर गोगलगाईंना खरवडायला दातेरी जीभ असते. कोनाच्या बाबतीत त्या जिभेतला एकेक दात पोकळ, काटेरी भाल्यासारखा झालेला आहे. दात सोंडेच्या टोकाशी येतो, विष भरलं जातं आणि भक्ष्यात घुसतो. एक दात एकदाच, पण आत साठा असतो. कोनांच्या ९००हून अधिक जाती आहेत. बहुतेक समुद्री कृमी खातात, काही दुसऱ्या गोगलगाई खातात. मासे खाणारे थोडेच, आणि माणसाला खरा धोका त्यांचा. सर्वांत जास्त मृत्यू कोनस जिओग्राफसमुळे नोंदले गेलेत. दंश कधीकधी फारसा दुखतही नाही, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. मग बधिरपणा, दिसायला धूसर होणं, बोलता न येणं आणि श्वासाचे स्नायू बंद पडणं.

या विषावर उतारा उपलब्ध नाही. हात-पाय हलवू न देता पट्टी घट्ट गुंडाळायची, स्थिर ठेवायचं, लगेच रुग्णालयात न्यायचं. श्वास थांबला तर कृत्रिम श्वास देत राहायचं. शरीर विष हळूहळू निकामी करतं, तोवर श्वास चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो.

निळीशाई

@पाणबुड्या, फार महत्त्वाचं लिहिलंत. यात एक भर. कोनाच्या दंशाने माणूस दगावल्याची पहिली लिखित नोंद ज्याने केली तो गेऑर्ग रुम्फियसही अंध होता. जन्माने जर्मन, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर. १६७० साली दृष्टी गेली. १६७४च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. तरीही मदतनीसांकडून लिहून घेत त्याने त्या समुद्रातल्या शंखांची, खेकड्यांची, दगडांची वर्णनं पुरी केली. १७०२ साली तो वारला आणि ग्रंथ १७०५ साली छापला गेला. धागालेखिकेने व्हर्मे यांच्याबद्दल लिहिलंय ते वाचताना सारखा रुम्फियस आठवत होता. शंखांच्या अभ्यासातले हे दोघं मोठे लोक, तीनशे वर्षांच्या अंतराने, दोघंही हातांनी बघणारे.

रात्रपाळी

धन्यवाद पाणबुड्या. व्हिडिओखाली ही माहिती लिहून आले. या विषापासून वेदनाशामक औषध झालंय असंही वाचलं होतं, ते हेच का?

पाणबुड्या

हो. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या मूळ विषयाला, डीएनएच्या संशोधनाला, लागणारी उपकरणं तिथे नव्हती. म्हणून त्यांनी सहज मिळणारे कोन हाती घेतले. पुढे युटा विद्यापीठात त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिन्टॉश या पदवीच्या विद्यार्थ्याने कोनस मॅगसच्या विषातला एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा पण आखूड रेणू, वेगळा काढला. वेदनेचा निरोप पुढे जाण्यासाठी चेतापेशींमध्ये कॅल्शियमची जी दारं उघडतात ती तो बंद करतो. त्यापासून झालेलं झिकोनोटाइड हे औषध अमेरिकेत २००४च्या डिसेंबरात मंजूर झालं. ते मॉर्फीनच्या वर्गातलं नाही, त्याचं व्यसन लागत नाही. पण ते थेट मणक्यातल्या द्रवात पंपाने द्यावं लागतं आणि मनावर होणारे दुष्परिणाम तीव्र असू शकतात, त्यामुळे वापर मोजक्याच रुग्णांत होतो.

कोनस जिओग्राफसचं आणखी एक आहे. तो माशांवर इन्सुलिन सोडतो. २०१५ साली युटाच्याच गटाने हे दाखवलं. माशांची साखर एकदम उतरते, ते सुस्त होतात आणि कोन तोंड फनेलसारखं फुगवून त्यांना आत घेतो. हे इन्सुलिन माशांच्या इन्सुलिनसारखं आहे आणि फार लवकर काम करतं, म्हणून मधुमेहाच्या संशोधकांचं त्याच्याकडे लक्ष आहे.

शंकासूर

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर अडलो. उष्ण समुद्रातले शंख जाड असण्याचं श्रेय सगळं खेकड्यांना का? गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं, त्यामुळे तिथे कवच बांधणं मुळात स्वस्त. थंड पाण्यात तेच काम महाग. मग शिकाऱ्यांची गोष्ट कशाला हवी? रसायनशास्त्र पुरेसं आहे.

ओहोटीरेषा

@शंकासूर, स्वस्त आहे हे पूर्ण मान्य. व्हर्मे यांनीही ते नाकारलेलं नाही. पण स्वस्ताईने फक्त जाडी समजते, आकार समजत नाही. कॅल्शियम भरपूर आहे म्हणून प्राणी तोंड अरुंद का करेल? अरुंद तोंडाचा त्याला त्रासच आहे, पाय बाहेर काढायला जागा कमी. ओठाच्या आतल्या बाजूला दात का? काटे नेमके अशा जागी का, की चिरडणाऱ्या माशाच्या जबड्यात शंखाची रुंदी वाढावी?

दुसरं, तापमान सारखं असलेल्या दोन समुद्रांची तुलना करा. अटलांटिकचा उष्ण भाग आणि हिंदी-पॅसिफिकचा उष्ण भाग. पाणी दोन्हीकडे गरम, पण बचावाचे हे प्रकार हिंदी-पॅसिफिकमध्ये जास्त टोकाला गेलेले दिसतात. नुसत्या रसायनाने हा फरक सुटत नाही.

शंकासूर

अटलांटिकचा मुद्दा पटला. आकाराचाही. तरी जाडीपुरतं मी रसायनाला निम्मं श्रेय देईन.

ओहोटीरेषा

तेवढं द्यायला माझी हरकत नाही. :) जाडीबरोबर विणही महत्त्वाची आहे. कॅरिबियनमधल्या क्वीन काँच या मोठ्या समुद्री गोगलगाईचं कवच आडव्या-उभ्या थरांनी प्लायवूडसारखं रचलेलं असतं, तेही तीन पातळ्यांवर, आणि थरांमध्ये अगदी थोडं प्रथिन. भेग सरळ जाऊच शकत नाही, प्रत्येक थराला तिला वळावं लागतं. शुद्ध ॲरागोनाइटच्या स्फटिकापेक्षा ते तोडायला सुमारे हजारपट ऊर्जा लागते. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकत चाललंय त्यात अशी विण घालणं महाग होत जाणार. शंकासूर, तुमच्या रसायनाची ती काळजीची बाजू.

कपाटभर

माझ्या संग्रहातल्या जुन्या शंखांवर पांढरी पूड धरते आहे. पुसली की काही महिन्यांनी परत. चकाकी गेली, काही कवड्या तर खडबडीत झाल्या. बुरशी आहे का? शंख लाकडी कपाटात, खाली बुचाचा पत्रा अशा पद्धतीने ठेवलेत. कोणी मार्ग सांगेल का? फार जीव आहे त्यांच्यात.

निळीशाई

@कपाटभर, बुरशी नाही. याला बाईनचा रोग म्हणतात. बाईन हे ब्रिटिश संग्राहक, १९व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी याचं वर्णन केलं. खरं तर रोग नाहीच, रासायनिक क्रिया आहे. लाकूड, विशेषतः ओक, शिवाय एमडीएफ (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या), बूच, साधा पुठ्ठा, काही गोंद यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते. बंद कपाटात ती साठते आणि दमट हवेत शंखाच्या कॅल्शियम कार्बोनेटशी क्रिया होऊन क्षार तयार होतात. तीच तुमची पूड. म्हणजे जी पूड पुसताय तो शंखच आहे.

गेलेली चकाकी परत येत नाही, पण पुढचं थांबवता येतं. कपाट आणि बूच दोन्ही बदला. पत्र्याचं रंगवलेलं कपाट, पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे, आम्लरहित कागद. शंख ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून क्षार धुऊन काढा, पूर्ण वाळवा, अगदी आतल्या वेढ्यांपर्यंत, मगच ठेवा. हवा खेळती आणि कोरडी हवी. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल वापरू नका, कितीही जणांनी सुचवलं तरी. आणि प्रत्येक शंखाची चिठ्ठी, कुठून, कधी मिळाला, ती जपा. बिनचिठ्ठीचा शंख अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी होतो.

कपाटभर

खूप खूप आभार. बूच आजच काढतो. चिठ्ठ्या बहुतेकांच्या आहेत.

खारेवारे

संग्रहावरून एक अवघड विषय काढते. माझं मत आहे की शंख गोळा करूच नयेत, रिकामे सुद्धा. रिकामा शंख रिकामा नसतो. मऊ पोटाच्या हर्मिट खेकड्यांना स्वतःचं कवच करता येत नाही, ते पूर्णपणे मेलेल्या गोगलगाईंच्या शंखांवर जगतात. एक मोठा शंख रिकामा झाला की खेकडे आकारमानाप्रमाणे रांगेत लागतात, पहिला त्यात शिरतो, त्याचं घर दुसरा घेतो, दुसऱ्याचं तिसरा. एक शंख उचलला की ती सगळी साखळी तुटते. आता बाटल्यांची झाकणं पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे दिसतात, ते बघवत नाही.

ओहोटीरेषा

@खारेवारे, बरंचसं पटतं. मी स्वतः फुटके, भोक पडलेले, झिजलेले तुकडे घेते. वाचायला तेच जास्त चांगले असतात आणि खेकड्यांना फारसे कामाचे नसतात. पण जिवंत प्राणी उकळून काढलेले चकचकीत नमुने विकत घेणं, हे खरं मोठं नुकसान आहे. जिवंत पकडलेल्या शंखाचा ओठ अखंड, रंग ताजा, प्राणी ज्याने तोंड बंद करतो ते झाकण बहुधा सोबत. सजावटीचे बहुतेक शंख तसेच असतात.

क्वीन काँचचं उदाहरण घ्या. तो वयात येतो साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास, तेव्हा ओठ बाहेर पंख्यासारखा पसरतो, आणि प्रजननाला तयार व्हायला तो ओठ पुरेसा जाडही व्हावा लागतो. पातळ ओठाचा शंख उचलला म्हणजे एकदाही अंडी न घातलेला प्राणी उचलला. शिवाय बहामाजमधल्या पाहणीत दिसलं की हेक्टरी पन्नासेकपेक्षा कमी प्रौढ उरले तर मिलन होतच नाही. ते हळू रांगतात, भेटच होत नाही. म्हणजे शेवटचा काँच पकडायच्या कितीतरी आधी तिथली वस्ती संपलेली असते. १९९२पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आहे, परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही.

पाणबुड्या

ट्रायटनचंही तेच. अर्धा मीटर लांबीपर्यंत वाढणारा शंख, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. प्रवाळ खाऊन टाकणारा काटेरी मुकुटाचा तारामासा ज्या थोड्या प्राण्यांना खाता येतो त्यात हा एक. मी खाताना पाहिलाय. विषारी काट्यांची त्याला पर्वा नसते, तारामाशाला पायाखाली दाबून तो कातडी कापतो. ऑस्ट्रेलियातल्या सागरी विज्ञान संस्थेने दाखवलंय की ट्रायटनच्या नुसत्या वासाने हे तारामासे पळ काढतात. ग्रेट बॅरियर रीफवर तारामाशांचे लोंढे येतात त्याला ट्रायटन कमी होणं किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. शेतीतून वाहून येणारी खतंही एक कारण मानली जातात. पण प्रवाळावर वावरणारा हा प्राणी मुळात विरळा, तो उचलून नेणं मला गुन्हाच वाटतो.

गवतफूल

माझ्याकडच्या एका जुन्या शंखाला बारीक गोल भोक आहे. इतकं नीट की कोणीतरी ओवायला पाडलंय असं वाटतं. हेही वाचता येतं का?

ओहोटीरेषा

@गवतफूल, येतं तर! भोकाचा काठ बघा. बाहेर रुंद आणि आत निमुळता, उतरता असेल तर बहुधा नॅटिसा कुळातल्या मून स्नेलचं काम. भिंती सरळ असतील तर म्युरेक्स कुळातल्या शिकाऱ्याचं. दोघीही गोगलगाईच. एक खास ग्रंथी आम्ल सोडून कवच मऊ करते, मग दातेरी जीभ खरवडते, मग पुन्हा ग्रंथी. एक भोक पाडायला तास न् तास जातात, कधी दिवसही. फारच सूक्ष्म, लांबट भोक असेल तर ऑक्टोपसवर संशय घ्यायला जागा आहे. आणि भोक आरपार नसेल, अर्धवट खळगा असेल, तर तो प्राणी त्या वेळी निसटला.

शंकासूर

उजवा-डावा शंख हा मुद्दा राहिला. डावे इतके दुर्मीळ का? कलापाची नांगी उजवी असते म्हणालात, मग डाव्यांची चांदीच व्हायला हवी.

ओहोटीरेषा

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा. समुद्री गोगलगाईंच्या ९० टक्क्यांहून जास्त जाती उजव्या आहेत. २००६ साली डीट्ल आणि हेंड्रिक्स यांनी जीवाश्म शंखांवरचे सोलल्याचे व्रण मोजले. डाव्या जातींवर ते कमी होते. उजव्या नांगीच्या खेकड्याला डावा शंख सोलणं खरंच जड जातं. म्हणजे फायदा आहे.

मग डावे वाढत का नाहीत? अडचण जोडीदाराची आहे. उजव्या घोळक्यात एखादा डावा जन्मला तर शरीररचना आरशातल्यासारखी उलटी, त्यामुळे मिलन अवघड, आणि ज्याला जोडीच मिळत नाही त्याचा खेकड्यांपासून झालेला बचाव पुढच्या पिढीत जात नाही. शिवाय ज्या गोगलगाईंत हे तपासलंय तिथे पिल्लाची दिशा त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही, आईच्या जनुकांवरून ठरते. गोड्या पाण्यातल्या एका जातीत यामागचं एकच जनुक सापडलंय.

मेक्सिकोच्या आखातातला लाइटनिंग व्हेल्क मात्र जन्मतःच डावा, अख्खी जातच डावी. घासून पांढरा केलेला व्हेल्क टर्बिनेला पायरमचा, म्हणजे एरवी उजव्या असणाऱ्या शंखाचा, दुर्मीळ डावा नमुना म्हणून खपवला जातो. तोंडातून आत मधल्या स्तंभाकडे बघा. टर्बिनेलाच्या स्तंभावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, व्हेल्कला त्या नसतात.

रात्रपाळी

माहितीचा खजिना आहे हा धागा. शंखात समुद्राचा आवाज येतो त्याचंही कोणी सांगून टाका.

निळीशाई

आसपासचेच बारीक आवाज. पोकळीत शिरतात, त्यातले पोकळीच्या मापाचे स्वर घुमतात, बाकीचे दबतात. पूर्ण शांत खोलीत शंख गप्प असतो.

खारेवारे

वादळानंतर किनाऱ्यावर एक जांभळा, कागदासारखा पातळ शंख बघितला होता, बोटाने दाबला तरी फुटेल असा. ओहोटीरेषा, तुमच्या सिद्धान्तात तो कसा बसतो? उष्ण समुद्रातलाच आहे, मग एवढा नाजूक कसा?

ओहोटीरेषा

@खारेवारे, तो जँथिना, आणि तो व्यवस्थित बसतो. ही गोगलगाय तळाला कधी जातच नाही. पायातल्या श्लेष्माचे बुडबुडे करून त्यांचा तराफा बांधते आणि त्याला उलटी लटकून भर समुद्रात आयुष्य काढते, वारा नेईल तिकडे. २०११ साली जनुकांच्या तुलनेवरून असं दिसलं की हा तराफा मुळात अंडी गुंडाळायच्या श्लेष्मापासून आला असावा. खाणं म्हणजे तिच्यासारखेच पृष्ठभागावर तरंगणारे, जेलीफिशसारखे दिसणारे व्हेलेला आणि पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर.

तिथे सोलणारा कलापा नाही, दगडावर आपटणाऱ्या लाटा नाहीत. जड कवचाचा एकच परिणाम, तराफ्यासकट बुडणं. तराफा सुटला की ती बुडते, कारण नवे बुडबुडे करायला पृष्ठभागावरची हवा लागते. म्हणून कवच जेमतेम ठेवलंय. बचाव आहे तो रंगात. उलटी लटकत असल्यामुळे शंखाचा गडद जांभळा भाग वर असतो, वरून बघणाऱ्या पक्ष्याला तो निळ्या पाण्यात मिसळलेला दिसतो, आणि फिकट भाग खाली, खालून बघणाऱ्या माशाला तो उजेडात हरवतो. शंख अजून जवळ असेल तर तपासा, बहुतेक शंखांत फिकट असतो त्याच्या बरोबर उलट, तळाचा भाग जास्त गडद मिळेल.